सरांच्या ऑक्टोपसचं चित्र

आमच्या सरांनी जन्मात कधी मासा तोंडात घातला नव्हता. तरी दर बुधवारी सकाळी, कॉलेजच्या आधी, हातात झाकणाची बादली घेऊन ते कोल्हापूरच्या मासळी बाजारात उभे असायचे. शर्टाच्या आत गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची पुसट रेघ, आणि समोर सुरमई-बांगड्यांच्या पेट्या. कोकणातून घाट चढून आलेला माल तिथं उतरायचा. विकणाऱ्या बायका त्यांना चांगल्या ओळखत होत्या. "आलं बघा न खाणारं पावणं," असं म्हणत त्या बर्फात हात घालायच्या, आणि कुणी विकत घेणार नाही असं जे काही जाळ्यात आलेलं असेल ते त्यांच्या बादलीत टाकायच्या. सर त्यांना हात जोडून निघायचे. घरी काकू बादली उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, आणि अंघोळ केल्याशिवाय सरांनाही नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मी हुपरीहून रोज एस.टी.नं यायचे. सर मूळचे गडहिंग्लजच्या बाजूचे. घरात कन्नड, वर्गात पुस्तकी मराठी आणि प्रयोगशाळेत अस्सल कोल्हापुरी, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात असायच्या. मला ते अक्का म्हणायचे. त्यांच्याकडे मुलगी केवढीही असली तरी तिला अक्काच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, कारण मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते आणि मला प्रौढ म्हणवून घ्यायची अजिबात हौस नव्हती. पुढे त्यांनी एखाद्या दिवशी नुसतं "अहो बाई" म्हटलं की आपलं काहीतरी चुकलंय हे मला कळायचं.

एका बुधवारी सर पहिला तास बुडवून थेट प्रयोगशाळेत आले. ते तास बुडवत नसत, म्हणून मी उठून उभीच राहिले. त्यांनी बादली ट्रेमध्ये उपडी केली. कोळंबीच्या कचऱ्यात ओल्या चिंचेच्या गोळ्यासारखं काहीतरी पडलं. सरांनी ते दोन्ही हातांनी उचललं, पाण्यात सोडलं, आणि एकेक हात सोडवून सरळ केला. आठ हात. त्यातल्या दोन हातांची टोकं तुटलेली.

"अक्का," ते म्हणाले, "ह्यो आपल्या वळखीचा न्हाय."

ऑक्टोपस म्हटलं की लोकांना आठ हात आठवतात आणि तिथंच विषय संपतो. पण आपल्या किनाऱ्यावर त्यांची मोठी भावकी आहे. भावकीत असतं तसंच तिथंही असतं. लांबून सगळे सारखे दिसतात, जवळ गेलं की एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. सरांनी या नव्या पाहुण्याचे दोन सख्खे नातेवाईक शोधून काढले आणि त्यांना नावं दिली. थोरला आणि मधला. थोरला अंगानं मोठा, कातडी गुळगुळीत, हात लांबच लांब. मधल्याच्या डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका आणि ठिपक्याभोवती वलय, जणू आणखी दोन डोळे. आणि हा आमचा धाकटा. त्याच्याही डोळ्याखाली वलय होतं, पण ते खालच्या बाजूला तुटलेलं. कातडी खरखरीत, प्रत्येक डोळ्यावर मांसाचा एक छोटा कोंब. सगळे जुने ग्रंथ चाळून झाले. अशा जोडणीचा प्राणी कुठेच लिहिलेला नव्हता.

बाजारातल्या बाईनं पेटी देवगडकडची असल्याचं सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत सर, मी आणि सरांबरोबर राखण म्हणून काकू, असे तिघे एस.टी.नं तिकडे गेलो. काकू बंदरावर नाकाला पदर लावून एका दगडावर बसून राहिल्या आणि आठ दिवस त्यांनी भाकरी-चटणीशिवाय काही खाल्लं नाही. आम्हाला तिथं आणखी चार मिळाले. चारही माद्या. मोठा झालेला नर तेवढा बाजारातला एकच.

नर एकच असणं ही साधी अडचण नव्हती. ऑक्टोपसच्या नराचा उजवीकडचा तिसरा हात बाकीच्या सात हातांसारखा नसतो. त्याच्या टोकाला चिकटून धरायची चोषकं नसतात, चमच्यासारखा एक भाग असतो. मादीपर्यंत बीज पोचवायचं काम तो करतो. जात बदलली की या चमच्याची घडण आणि माप बदलतं. वलय, कातडी, रंग यांवर लोक वाद घालत बसतात, कारण स्पिरिटमध्ये ठेवल्यावर रंग उडतो आणि कातडी आखडते. चमच्यावर वाद होत नाही. आमचा धाकटा खरोखर वेगळा आहे की मधल्याचंच एखादं रोडावलेलं पिल्लू आहे, याचा निकाल त्या एका हाताच्या टोकावर लागायचा होता.

सरांची काम करायची एक रीत होती. मोजायचं एकानं, चित्र काढायचं दुसऱ्यानं, आणि दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही. "माप ऐकून काढलेलं चित्र लबाड असतंय," ते म्हणायचे. "हात आपोआप त्या आकड्याकडं जातोय. तू तुझ्या डोळ्यानं काढ, मी माझ्या डोळ्यानं मोजतो. शेवटी दोन्ही जुळलं की मग खरं." त्यामुळे त्यांच्या वहीतली मापं मी पाहिली नव्हती आणि माझा कागद पुरा होईपर्यंत त्यांनी मागितला नाही. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

चित्र काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे मी आजही सांगते. बी.एस्सी.ला वर्गातल्या निम्म्या मुलींच्या जर्नलमधल्या आकृत्या माझ्या होत्या. पण हे कसब कॉलेजात आलेलं नव्हतं, हुपरीच्या घरातून आलं होतं. आमच्याकडे चांदीची पैंजणं व्हायची. नव्या मालाबरोबर गिऱ्हाइकांची तुटकी पैंजणंही दुरुस्तीला यायची. कुठं घुंगरू गेलेलं, कुठं कडी झिजलेली, कुठं नक्षीची अख्खी पाकळी गळालेली. आई जोडीतलं धड पैंजण समोर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत तुटकं पुरं करायची. दोन्ही हातात घेतली की डावं कुठलं, उजवं कुठलं, दुरुस्त कुठलं, हे कळता कामा नये. मी सातवी-आठवीपासून ते काम करत होते. तुटकं दिसलं की जोडीला बघून ते पुरं करायचं, याला आमच्या घरात हुशारी म्हणत.

धाकट्याचं चित्र काढायला मला तीन आठवडे लागले. काळी शाई, बारीक निब, आणि सगळी छटा ठिपक्यांची. दोन हातांची टोकं जाळ्यात तुटली होती, ती मी समोरच्या बाजूच्या हातांकडे बघून पुरी केली. तशी रीतच असते, कुणी त्याला वावगं म्हणत नाही. मग उजवीकडच्या तिसऱ्या हातापाशी आले. टोकाला लांब चमचा दिसायला हवा होता. तिथं तांदळाच्या कणीएवढा एक बोथट उंचवटा तेवढा होता. मला वाटलं, हाही तुटला. बाकीचे दोन तुटले तसाच हा. पण याला जोड नव्हती, समोरचा डावा हात साधा होता. म्हणून मी पुस्तकातल्या मधल्याच्या चित्राची झेरॉक्स समोर ठेवली. सख्ख्या भावाचा चमचा. तो बघून मी धाकट्याचा हात पुरा केला. फार सुंदर उतरला. खाच, कडा, आतल्या बारीक आडव्या रेघा. त्या संध्याकाळी एस.टी.त मी स्वतःवर खूश होते.

सरांनी चित्र खिडकीशी नेलं, भिंग लावलं, कागद तिरका धरला, सरळ धरला. "बघ, कसं जित्तं केलंस," म्हणाले. मी लाजले. त्यांना साखरेचा त्रास होता आणि डोळ्यांवर परिणाम सुरू झाला होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी दोन्ही जुळवून बघायचं, ही त्यांचीच रीत. त्या दिवशी ते भिंग लावून बराच वेळ उभे राहिले आणि मापांची वही न उघडताच त्यांनी कागद पाकिटात घातला. मापं त्यांनी बरीच आधी, सूक्ष्मदर्शकाखाली घेतली होती; कागदावरचं ते टोक आता त्यांना दिसलं नसणार. तसं कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. पण त्यांच्या या एवढ्याशा लपवाछपवीच्या आड मी माझी चूक ढकलणार नाही.

लेख सरांनी लिहिला, आणि मी वाचायच्या आधीच तो टायपिंगच्या क्लासमधून टाइप होऊन परदेशातल्या एका नियतकालिकाकडे गेला. उत्तर यायला बरेच महिने लागायचे त्या काळात. सर मात्र बारशाच्या तयारीला लागले होते. धाकट्याला करवीरचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. समुद्र नसलेल्या गावाचं नाव समुद्रातल्या प्राण्याला, यावर सगळ्या विभागानं त्यांची टिंगल केली. "समुद्र न्हाय खरं, पण सापडला कुठं? आपल्या बाजारात," असं ते ठासून सांगायचे. काकूंना ते अजिबात पसंत नव्हतं. "देवीच्या गावाचं नाव असल्या बुळबुळीत जनावराला," म्हणून त्या दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. सर हसायचे. वर्गात शिकवतानाही मधेच हसायचे. पन्नाशी उलटलेला माणूस असा आनंदात बघायला मला फार आवडायचं. आयुष्यभर त्यांनी इतरांनी लावलेले शोध फळ्यावर लिहिले होते. हा एक त्यांचा स्वतःचा होता.

पत्र आलं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. तोवर सरांच्या डोळ्यांची गोष्ट लपून राहण्यासारखी उरली नव्हती. मिरजेला दोनदा लेसर झालं होतं, आणि फळ्यावर लिहिताना त्यांची ओळ खाली उतरायची. त्यांनी पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं. लेख तपासणाऱ्यानं सभ्य भाषेत लिहिलं होतं की लेखाच्या मजकुरात नराचा चमचा अतिशय लहान दिला आहे, आणि चित्रात तो लांब, खाच असलेला, आधीच माहीत असलेल्या जातीसारखा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. चित्र बरोबर असेल तर ही नवी जात नव्हे. माप बरोबर असेल तर चित्र पुन्हा काढून, आणि शक्य झाल्यास नमुना, पाठवावा.

सरांनी मला कपाट उघडायला लावलं, नराची बरणी काढायला लावली, आणि तो हात सूक्ष्मदर्शकाखाली मांडायला लावला. स्वतः डोळा लावला. बराच वेळ चाकं फिरवत राहिले. मग बाजूला झाले.

"मला आता टोक न्हाय दिसत," म्हणाले. "तू बघ. सरळ सांग, काय हाय."

मी पाहिलं. या वेळी झेरॉक्स समोर नव्हती, आणि दिवा मी स्वतः नीट लावला होता. टोक तुटलेलं नव्हतं. कातडी चारही बाजूंनी अखंड होती, गोलाकार वळून मिटलेली. त्या कणीएवढ्या उंचवट्यावर एक उथळ खाच होती, केसाएवढी. तो चमचाच होता. पुरा, धडधाकट, इतका बारीक चमचा त्या भावकीत कुणाचाच नव्हता. सरांनी मोजलेलं बरोबर होतं. धाकटा वेगळाच होता, आणि त्याचा सगळा वेगळेपणा त्या टोकात होता. तेवढंच मी पुसून त्याच्या जागी भावाचं टोक लावलं होतं.

"माझं माप बरोबर, का तुझं चित्र?" सरांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत होती. त्याच कॉलेजात, कायम जागेसाठी, आणि सरांचा शब्द तिथं चालणार होता. हे कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं, कारण नोकरीसाठी खोटं बोलणं निदान समजण्यासारखं असतं. खरं कारण याहून क्षुल्लक होतं. मला भीती वाटली. आता ते मला "अहो बाई" म्हणतील, एवढीच.

"चित्रातल्यासारखंच आहे, सर," मी म्हणाले.

मी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावूनच ठेवला, कारण तो काढला की त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी चाचपत बरणी शोधली, नमुना आत सोडला आणि झाकण स्वतः घट्ट लावलं.

"म्हंजे माझं डोळं तवाच गेलं हुतं," ते म्हणाले. "मला आपलं वाटत हुतं, आत्ता आत्ता जाय लागलेत."

लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी मला लिहू दिलं नाही. स्वतःच्या हातानं लिहिलं, वाकड्यातिकड्या ओळींत. माझी चूक झाली, माझ्या दृष्टिदोषामुळे माप चुकलं, असं त्यात होतं. पाकीट टाकायला मात्र मलाच पाठवलं. मी ते पेटीत टाकलं. न टाकता परत येता आलं असतं, हेही मला तेव्हा सुचलं होतं. म्हणजे न सुचल्याची सबब मला नाही.

त्यानंतर सर बुधवारी बाजारात गेले नाहीत. काही महिन्यांनी मी तिथून जात असताना एका बाईनं हटकलं. "आमचं पावणं कुठं हाईत? आजारी हाईत काय?" मी व्हय म्हणून सुटका करून घेतली. सरांनी जुन्या वह्या काढल्या, त्या वर्षातल्या आणि आधीच्या दोन वर्षांतल्या मापांच्या पानांवर आडव्या रेघा मारल्या आणि खाली लिहिलं की ही मापं धरू नयेत. खेकड्यांवरचा एक पुरा झालेला लेख होता, तोही त्यांनी पाठवला नाही. त्या खेकड्यांची मापं मी लपून तपासली. एकही चुकलेलं नव्हतं. तेव्हाही मी बोलले नाही. एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं फार सोपं जातं.

नोकरी मला मिळाली. सरांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आणि काकूंना घेऊन ते गडहिंग्लजजवळच्या आपल्या गावी गेले. निघताना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मला दिल्या. "त्यो मधला संभाळ," एवढंच म्हणाले. त्यांच्या लेखी धाकटा तेव्हा उरलाच नव्हता. मी दर वर्षी त्या बरणीतलं स्पिरिट बदलत राहिले. आत पेन्सिलीनं लिहिलेली त्यांची चिठ्ठी होती. तिच्यावर अजून करवीरचं नाव होतं आणि ते खोडायला ते विसरले होते.

शिकवताना मी कडक झाले. समोर आहे तेच काढा, तुटलं असेल तर तुटकं काढा, हे मुलांच्या इतकं डोक्यात बसवलं की माझ्यामागे ते माझी नक्कल करायचे. पुस्तकात बघून काढलेली आकृती मी सरळ फाडायचे. एकदा एक मुलगी रडायला लागली आणि म्हणाली, "बाई, एवढं काय झालं? एक शेपूटच तर हाय." मी तिला वर्गाबाहेर काढलं. मग तिच्याइतकीच रडले, पण स्टाफरूममध्ये, तोंडाला रुमाल लावून. लोकांना वाटायचं, बाई तत्त्वाच्या आहेत. लोकांना काहीही वाटतं.

दिवाळीत मी सरांकडे जायचे. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचे आणि फराळ करून परत यायचे. दर वर्षी त्यांची नजर आणखी कमी झालेली असायची आणि दर वर्षी माझी जीभ आणखी जड. शेवटी शेवटी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ते माझ्या संशोधनाची चौकशी करायचे, माझ्या हाताखालच्या मुलांची नावं पाठ ठेवायचे. स्वतःच्या कामाबद्दल एक अवाक्षर नाही.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. आमच्या विभागात इंटरनेट आलं होतं. एक दिवस एक विद्यार्थी छापील कागद घेऊन आला. "बाई, आपल्या कपाटात हाय तसला ऑक्टोपस हाय बघा ह्यात." दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून एक नवी जात कुणीतरी नोंदवली होती. डोळ्याखाली खालून तुटलेलं वलय, खरखरीत कातडी, डोळ्यावर कोंब. सोबत जवळच्या जातींचा तक्ता. थोरला होता, मधला होता, दोघेही आपापल्या शास्त्रीय नावांनी. आणि नराच्या तिसऱ्या उजव्या हाताच्या टोकाचा मोठा करून छापलेला फोटो. अखंड कातडी, उथळ खाच. त्याला नाव त्यांच्या तिकडच्या एका गावाचं दिलेलं. लेखात आमचा उल्लेख नव्हता. कुठून असणार?

मी तो कागद पर्समध्ये घातला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून गडहिंग्लजची एस.टी. धरली.

सर घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. दिवाळी नसताना मी आले म्हणून काकूंना काळजी वाटली. "घरात समदं बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी सरांना कागदाचं सांगितलं. वलय कसं आहे, कातडी कशी आहे, सगळं वाचून दाखवलं. ते पुढे झुकून ऐकत होते. चमच्याचं माप वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"बारीक हाय की," म्हणाले. "मग ह्यो आपला न्हवं. आपल्याचा लांब हुता. झालं की बरं. असला प्राणी हाय तर कुठंतरी. माझी अटकळ अगदीच वाया गेली न्हाय."

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती, त्यांच्या नकळत. मी ती घेतली असती तर त्यांना कधीच कळलं नसतं. मी उंबऱ्याकडे बघत सांगून टाकलं. आपलाही तेवढाच होता, सर. तुमचं माप बरोबर होतं. टोक तुटलंय समजून मी मधल्याचं बघून चित्र पुरं केलं. आणि तुम्ही विचारलंत त्या दिवशी मला दिसलं होतं. मी खोटं बोलले.

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. कप खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "त्या सालापासनं ह्यांनी सोता वाचलेल्या एका अक्षरावर इस्वास ठेवला न्हाय. दिसत हुतं तवाबी पेपर मला वाचाय लावायचं. त्याच साली पोरीच्या लग्नात साडीचा रंग हिरवाच हाय न्हवं, म्हणून तीन येळा इचारलं मला." त्या रागावून बोलत नव्हत्या.

मी सरांच्या "अहो बाई"ची वाट बघत होते. ते म्हणाले असते तर मी ते पदरात घेऊन परत गेले असते, आणि कदाचित मला बरंही वाटलं असतं.

"म्हंजे त्या साली मला दिसत हुतं," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, काकू शेजारीच उभ्या असताना, आत कुणाला तरी हाक मारावी तसे म्हणाले, "ऐकलंस काय गं? दिसत हुतं मला. माझं डोळं तवा चांगलं हुतं."

त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि ते हसायला लागले. पोरीच्या लग्नाचं साल त्यांनी बोटांवर मोजलं, त्या आधीचं मोजलं. खेकड्यांचं साल मोजलं. लग्नात तिचं तोंड आपण खरंच बघितलं होतं, साडी हिरवीच होती, असं ते काकूंना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. काकू हो हो म्हणत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. चहा गार झाला. माझा हात त्यांनी सोडला नाही, म्हणून मला उठताही येईना.